शीआनचा एक दिवस: प्रायव्हेट गाइड, ग्रुपची बस की आपलं आपण?

चीनचा बेत करणारे आपले लोक आता परत दिसायला लागलेत. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली त्यामुळे तर जास्तच. बहुतेकांचा प्लॅन साधारण सारखा असतो, आधी बीजिंग, मग बुलेट ट्रेनने शीआन, मग शांघाय. यात शीआनच्या वाट्याला एक नाहीतर दोन दिवस येतात आणि मग प्रश्न पडतो तो हाच, की ते मातीचं सैन्य, म्हणजे टेराकोटा आर्मी, आणि आजूबाजूच्या जुन्या जागा बघायला फक्त आपल्यापुरता गाइड आणि गाडी घ्यायची, का वीसेक जणांच्या बसमध्ये सीट बुक करायची, का मेट्रोने आपलं आपण जाऊन यायचं. पैशांत बराच फरक पडतो पण दिवस तिन्हीत एकच खर्च होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. प्रायव्हेट टूरचे पैसे गाडीतल्या आरामासाठी देऊ नका. शीआनची मेट्रो स्वच्छ आहे, स्वस्त आहे, इंग्रजी पाट्या आहेत, तिला घाबरायचं काही कारण नाही. पैसे द्यायचे ते दोन गोष्टींसाठी, एक म्हणजे समोर जे दिसतंय ते काय आहे हे सांगणारं जाणकार माणूस आणि दुसरं म्हणजे कुठे किती वेळ थांबायचं हे आपल्या हातात राहणं. ज्या जागेला या दोन्हीची गरज आहे तिथे जरूर घ्या, आणि जिथे नाही तिथे अजिबात घेऊ नका, भले एजंट म्हणू दे की पूर्ण दिवसाचं पॅकेज स्वस्तात पडेल.

आता मुख्य जागा, म्हणजे टेराकोटा आर्मी. ही शीआन शहरात नाहीये, पूर्वेला लिनथोंग भागात आहे, साधारण ३५-४० किलोमीटरवर. १९७४ च्या मार्चमध्ये तिथले शेतकरी दुष्काळात विहीर खणत होते आणि मातीत डोकी, हात, बाणांची टोकं लागायला लागली, तिथून हे सगळं सुरू झालं. १९७९ मध्ये म्युझियम उघडलं, १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. तीन पिट आहेत, म्हणजे मूर्ती सापडल्या ते खणलेले खड्डे. पहिला सगळ्यात मोठा, २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद, त्यात ६,००० च्या आसपास मूर्ती असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यातल्या बऱ्याच अजून मातीखालीच आहेत. दुसऱ्यात घोडेस्वार, रथ, धनुर्धारी. तिसरा अगदी छोटा, ६८ मूर्तींचा, तो सेनापतींचा तळ मानतात. आणि हे सगळं ज्याच्यासाठी केलं तो सम्राट छिन शी हुआंग, इ.स.पू. २२१ मध्ये सगळी राज्यं जिंकून चीन एक करणारा, त्याची स्वतःची कबर दीडेक किलोमीटर पश्चिमेला टेकडीसारख्या उंचवट्याखाली आहे आणि ती आजपर्यंत उघडलेलीच नाही.

आता हे वाचलं की वाटतं, झालं की, एवढं तर कळलं, गाइड कशाला. पण प्रत्यक्षात पहिल्या पिटच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर एवढं काही असतं की डोळा कुठेच ठरत नाही. सगळे फोटो काढतात, दहा मिनिटांत आणखी शंभर माणसं मागून येतात आणि पुढे ढकलले जातो. तिथे कोणी तुम्हाला सांगितलं की बघा, हे सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत, कारण छिन सम्राटाने जिंकलेली राज्यं पूर्वेला होती, किंवा ते बघा, मधल्या भिंतींवर लाकडी ओंडक्यांच्या खुणा, वर छत होतं, ते जळून कोसळलं आणि म्हणून जवळजवळ सगळ्या मूर्ती तुकड्यांत सापडल्या, आज उभे दिसतायत ते एकेक तुकडा जोडून उभे केलेत, तर मग नजर बदलते. पिटच्या मागच्या बाजूला ती जोडाजोडी चालते, अर्धवट उभे सैनिक, काहींना डोकी नाहीत, काहींना पट्ट्या बांधलेल्या. बसमधली बरीच माणसं तिथपर्यंत पोचतच नाहीत कारण त्यांना तोवर पार्किंगला परत यायचं असतं. मला विचाराल तर पुढच्या रांगांपेक्षा तिथे जास्त वेळ द्यावा.

आणि रंगाची गोष्ट. हे सैनिक मुळात मातकट नव्हतेच, गुलाबी चेहरे, हिरवे-लाल-जांभळे कपडे असे रंगवलेले होते, रंगाखाली लाखेचा थर होता. दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेला तो थर शीआनच्या कोरड्या हवेत आला की काही मिनिटांत वळून सुटायला लागतो आणि रंगही सोबत जातो. उरलेलं सैन्य आणि मुख्य कबर उघडण्याची घाई केली जात नाही त्याचं हे एक मोठं कारण. कबरीत पाऱ्याच्या नद्या वाहत्या ठेवल्या होत्या असं सिमा छिएन या इतिहासकाराने शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलंय, आणि आधुनिक तपासणीत त्या उंचवट्याच्या मातीत पारा खरंच जास्त सापडलाय. अशा गोष्टी पाटीवर दोन ओळीत असतात, पण चांगला गाइड त्या योग्य जागी उभं करून सांगतो, तुमच्या मुलांना विचारतो की तुम्ही असता तर उघडली असती का, आणि मग पोरं जेवताना त्यावर भांडतात. याचे पैसे द्यायला माझी काही हरकत नाही.

आता तिन्ही पर्याय नीट बाजूबाजूला ठेवून बघू.

आपलं आपण जायचं असेल तर मेट्रोची ९ नंबरची लाइन ‘हुआछिंगची’ नावाच्या स्टेशनपर्यंत जाते, २०२० च्या शेवटी ही लाइन सुरू झाल्यापासून फारच सोपं झालंय. तिथे उतरून म्युझियमची सिटी बस पकडायची. शहराच्या मध्यातून धरून चला साधारण दीड तास, भाडं आपल्या हिशोबाने किरकोळ. तिकीट १२० युआन, आणि त्यात पिट म्युझियम आणि सम्राटाच्या कबरीचा बगीचा दोन्ही येतं, दोन्हींच्या मध्ये फुकट शटल बस आहे. तिकीट पासपोर्ट नंबरवर आधी ऑनलाइन काढायचं आणि गेटवर मूळ पासपोर्ट दाखवायचा, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो घेऊन जाऊ नका. आत ऑडिओ गाइड भाड्याने मिळतो, आणि म्युझियमचे स्वतःचे अधिकृत गाइडही पैसे भरून घेता येतात, इंग्रजी बोलणारेसुद्धा.

हा जो मधला मार्ग आहे ना, मेट्रोने जायचं आणि गाइड फक्त म्युझियमच्या काउंटरवरून घ्यायचा, हा दोघांच्या जोडीला किंवा तीन-चार मित्रांना मी सगळ्यात आधी सुचवेन. सांगणारं माणूस मिळतं, गाडीचा खर्च वाचतो. फक्त दोन अडचणी, एक तर गर्दीच्या दिवशी इंग्रजी गाइड लगेच मिळेलच असं नाही, आणि दुसरं, तो ठराविक वेळापुरता असतो, तीन पिट दाखवले की त्याचं काम झालं, सम्राटाच्या कबरीजवळ सापडलेल्या कांस्य रथांचं वेगळं म्युझियम आहे, तिथे तुम्ही एकटे. गेटच्या बाहेर जे लोक अंगावर येऊन गाइड हवा का विचारतात त्यांना मात्र नको म्हणा. चीनमध्ये गाइडला सरकारी लायसन्स लागतं आणि त्याचं कार्ड त्याच्याकडे असतं, ते बघितल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका. तसंच रेल्वे स्टेशनच्या आसपास सरकारी टूरिस्ट बससारखी रंगवलेली दुसरी गाडी दाखवून लोकांना भलतीकडे नेण्याचे प्रकार तिथे जुने आहेत, म्हणून मेट्रोच बरी.

ग्रुपची बस. स्वस्त पडते, हॉटेलजवळून उचलतात, इंग्रजी बोलणारा गाइड असतो, दुपारचं जेवण बऱ्याचदा त्यातच. एकट्याने फिरणाऱ्या माणसाला हा पर्याय खरंच चांगला आहे, बोलायला चार माणसं मिळतात, तिकिटाची कटकट नाही. पण वेळ तुमचा नसतो. वीसेक माणसं गोळा करेपर्यंत नऊ वाजून जातात, त्यातलं एखादं जोडपं उशिरा खाली येतं, म्हणजे म्युझियमला पोचेपर्यंत बाकीच्या सगळ्या बसही तिथे पोचलेल्या असतात. त्यात मधेच एखादी ‘फॅक्टरी’ येते, छोटे मातीचे सैनिक कसे बनवतात ते दाखवतात आणि मग मोठं दुकान, किंवा जेड, किंवा रेशमाच्या रजया. चीनच्या २०१३ च्या पर्यटन कायद्यात पर्यटकांना जबरदस्तीने खरेदीला नेण्यावर बंदी आहे, पण ‘फक्त बघायला थांबू’ म्हणून थांबणं चालूच असतं आणि त्यात पाऊण तास गेला की तो पिटमधूनच कापला जातो. बुक करताना ‘नो शॉपिंग’ असं लिहिलेलं असेल तीच टूर घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

प्रायव्हेट. इथे पहिली समजून घ्यायची गोष्ट म्हणजे गाइड आणि ड्रायव्हर ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. ड्रायव्हरला इंग्रजी येत नाही असंच धरून चाला. स्वस्तातली जी ‘प्रायव्हेट टूर’ दिसते ती अनेकदा नुसती गाडी आणि ड्रायव्हर असते, गाइड नसतोच, आणि हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट, भाव माणशी आहे का गाडीचा आहे ते विचारा. गाइडचा आणि गाडीचा खर्च दोन माणसांना जेवढा तेवढाच पाचांना, त्यामुळे दोघांना जे महाग वाटतं तेच पाच-सहा जणांच्या कुटुंबाला ग्रुपच्या बसच्या जवळपास येतं. आई-बाबा, सासू-सासरे, दोन मुलं असा लवाजमा असेल तर हिशोब करून बघाच, बऱ्याच जणांना वाटतो तेवढा फरक निघत नाही.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर माझ्या मते प्रश्नच नाही, प्रायव्हेट घ्या. पार्किंगपासून पिटपर्यंत चालणं बरंच आहे, बाहेर पडताना तर दुकानांच्या लांबच लांब गल्लीतून यावं लागतं. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मिळतात पण त्या कुठून कुठपर्यंत जातात हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं. कोणाचे गुडघे दुखायला लागले तर गाइडला सांगून तिसरा पिट सोडून सरळ गाडीत जाऊन बसता येतं, बसवाल्या टूरमध्ये ते होत नाही, बाकीचे ताटकळतात आणि म्हाताऱ्या माणसांना तेच जास्त लागतं. एक चांगलं आहे, चीनमध्ये गरम पाणी जवळजवळ सगळीकडे मिळतं, थर्मास भरून घेता येतो.

खाण्याचं बोलायलाच हवं कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं. शीआन हे नूडल्सचं शहर, लिआंगपी नावाच्या थंड, आंबट-तिखट पट्ट्या मिळतात त्या साधारण शाकाहारी असतात आणि आपल्या जिभेला फार आवडतात, जाड पट्ट्यांच्या बिआंगबिआंग नूडल्स मटण न घालता करून देतात. पण रस्सा कशाचा आहे, तेल कुठलं आहे हे विचारणारं कोणीतरी लागतं. म्युझियमच्या आसपासची हॉटेलं टूरिस्ट छाप आहेत, ग्रुपच्या टूरमध्ये जेवण तिथेच असतं आणि शाकाहारी म्हणून सांगितलेल्याला कोबी आणि भात मिळतो. प्रायव्हेट गाइड आदल्या दिवशी फोन करून ठरवून ठेवू शकतो. जैन मंडळींसाठी एक खास, बौद्ध मठांच्या परंपरेतलं शाकाहारी जेवण जिथे मिळतं तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तेव्हा गाइडला स्पष्ट सांगा की बौद्ध शाकाहारी हॉटेलच हवं, शहरात अशी आहेत. याउलट मांसाहारी लोकांना मुस्लिम मोहल्ल्यात संध्याकाळी सोडून द्या, त्यांना गाइडबिइड काही लागणार नाही.

आता वेळेचं. म्युझियम सकाळी साडेआठला उघडतं. प्रायव्हेट टूरचा खरा फायदा इथे आहे, तुम्ही साडेसातला निघा म्हटलं तर गाडी दारात उभी असते. आधी कुठला पिट बघायचा यावर गाइड लोकांची दोन मतं आहेत. काही जण म्हणतात तिसरा, दुसरा आणि मग शेवटी पहिला, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे जाताना परिणाम वाढत जातो. काही म्हणतात गर्दी व्हायच्या आत सरळ पहिल्या पिटला धावा. उघडतानाच पोचलात तर माझं मत दुसऱ्या बाजूला, मोकळा कठडा मिळणं ही मोठी गोष्ट आहे, चढत्या क्रमाचा आनंद पाच पदरी गर्दीत राहत नाही. उशीर झालाच असेल तर मग उलट क्रमाने जा आणि पहिला पिट दुपारच्या जेवणाच्या वेळेवर टाका. दुसऱ्या पिटच्या इमारतीत काही मूर्ती काचेच्या पेटीत अगदी जवळून बघता येतात, त्यातला गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी बघाच, त्याच्या बुटाच्या तळव्यावरचे टाकेसुद्धा कोरलेत, मागच्या बाजूने जाऊन बघायचं, समोरून नाही दिसत.

कांस्य रथ आता कबरीच्या बगीच्याजवळच्या वेगळ्या म्युझियममध्ये आहेत, २०२१ पासून. दोन रथ, चार-चार घोडे, खऱ्याच्या निम्म्या आकाराचे, १९८० मध्ये सापडले तेव्हा अक्षरशः चुरा झालेला होता. कारागिरी बघून थक्क व्हायला होतं. बऱ्याच ग्रुप टूर हे वगळतात कारण शटलने जाऊन यायला वेळ लागतो, तिकिटात असूनसुद्धा. बुक करायच्या आधी हा एकच प्रश्न विचारला तरी टूर कशी आहे ते कळतं, रथ दाखवणार का? नाही म्हणाले तर दुसरी बघा.

शहराच्या आतलं मात्र वेगळं. शीआनची तटबंदी, मिंग राजघराण्याच्या काळातली, १३७० च्या दशकात बांधलेली, पूर्ण फेरी जवळजवळ १४ किलोमीटर, वरती रुंदी एवढी की सायकली भाड्याने घेऊन फिरतात. इथे गाइड घेऊन जाणं म्हणजे त्यालाही सायकल घ्यायला लावणं. तिकीट ५४ युआन, दक्षिण दरवाजातून चढा, उन्हं उतरल्यावर जा, बस. घंटाघर, नगारखाना, मुस्लिम मोहल्ला, मोठी मशीद, हे सगळं पायी फिरून होतं. एजंट लोक सकाळी टेराकोटा, दुपारी तटबंदी आणि मोहल्ला असं पूर्ण दिवसाचं बांधून देतात, त्यात दुपारनंतर तुम्ही गाइडच्या आणि उभ्या गाडीच्या वेळेचे पैसे उगाच भरत असता. अर्ध्या दिवसाची टूर मागा, दुपारी दोन-तीनला शहरात सोडा म्हणावं, बहुतेक जण तयार होतात.

शहरातली एकच जागा अशी आहे जिथे मी म्हणेन की मराठी माणसाने थोडी तयारी करून जावं, ती म्हणजे दा छी-अन मठातला मोठा पॅगोडा. ६५२ मध्ये युआन श्वांग या चिनी बौद्ध भिक्षूने भारतातून नेलेल्या पोथ्या नीट राहाव्यात म्हणून तो बांधून घेतला, आज ६४ मीटर उंच आहे. हा तोच युआन श्वांग जो पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला, ६४१ च्या सुमारास, आणि इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याशी हाडवैरी, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवणार आणि मगच लढणार. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं, बाहेर दगडी हत्ती असलेल्या, वर्णन त्याने केलंय, ते अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला परत आला आणि उरलेलं आयुष्य भाषांतरात घालवलं. तिथला गाइड तुम्हाला तांग राजवंशाबद्दल सांगेल, पुलकेशीबद्दल नाही सांगणार, तेवढं आपणच वाचून जायचं. ज्या मातीवर आपण राहतो तिचं वर्णन करणाऱ्या माणसाच्या कामाच्या जागी उभं राहणं ही माझ्यासाठी शीआनमधली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, सैन्यापेक्षाही. मेट्रो अगदी जवळ जाते, त्यामुळे इथेही गाडी नको.

दोन दिवस असतील तर मात्र चित्र पालटतं. दुसऱ्या दिवसासाठी प्रायव्हेट गाडी-गाइड हाच खरा पर्याय उरतो, कारण शहराबाहेरच्या थडग्यांकडे बस-मेट्रोचं जमवणं त्रासाचं आहे आणि ग्रुपच्या बस तिथे फारशा जातही नाहीत.

त्यातही दोन दिशा आहेत. एक हान यांगलिंग, हान राजघराण्यातल्या सम्राट जिंगची कबर, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, शहराच्या उत्तरेला. इथे जमिनीखालीच म्युझियम केलंय, काचेच्या जमिनीवरून चालायचं आणि पायाखाली उत्खनन तसंच उघडं. इथल्या मूर्ती छोट्या, माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या, आणि हात नसलेल्या, कारण हात लाकडाचे होते, अंगावर खरे कपडे होते, ते सगळं कुजून गेलं. आणि सैनिकांबरोबर मातीची डुकरं, कुत्री, शेळ्या, कोंबड्या रांगेने लावलेल्या. छिन सम्राटाने दगडासारखं कडक सैन्य बरोबर नेलं आणि जेमतेम सत्तर वर्षांनी हान सम्राटाने बरोबर नेलं ते गुराढोरांनी भरलेलं घर, हा फरक एका दिवसाच्या अंतराने बघितला की फार बोलतो. गर्दी जवळजवळ नसतेच. आणि ही जागा विमानतळाच्या बाजूला आहे, म्हणून शीआनमधून विमानाने निघणार असाल तर सामान डिकीत टाकून सकाळी हान यांगलिंग आणि तिथूनच विमानतळ असं करता येतं. माझ्या मते प्रायव्हेट गाडीचा याच्याइतका चांगला उपयोग दुसरा नाही.

दुसरी दिशा पश्चिमेची, छिएनलिंग आणि फामेन मठ. छिएनलिंगला तांग सम्राट काओझोंग आणि त्याची राणी वू झतिएन, चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपद घेणारी एकमेव स्त्री, दोघं एकाच डोंगरात पुरलेत. तिच्यासाठी उभा केलेला शिलालेखाचा दगड कोराच ठेवलेला होता, का ते अजून कोणाला पक्कं सांगता आलेलं नाही, आणि समोर परदेशी पाहुण्यांचे ६१ दगडी पुतळे, डोकी तुटलेले. शीआनपासून ८० किलोमीटरच्या आसपास. फामेन त्याहून पुढे, साधारण १२० किलोमीटर, तिथे १९८७ मध्ये पडक्या पॅगोड्याखालचं तळघर उघडलं तेव्हा तांग काळात ठेवलेली सोन्या-चांदीची, काचेची भांडी आणि बुद्धाचा मानला जाणारा बोटाचा अस्थी-अवशेष मिळाला. म्युझियम अप्रतिम आहे, बाहेरचं नवं भव्य बांधकाम मला फार मोठं वाटतं. दोन्ही एका दिवसात होतात पण दिवस पूर्ण जातो, लहान मुलं असतील तर हा घाट घालू नका. बुद्धधम्माशी नातं असलेल्यांसाठी मात्र फामेन आणि मोठा पॅगोडा या दोन जागा आधी, टेराकोटा नंतर, असाही क्रम लावता येईल आणि तो चुकीचा नाही.

कोणी विचारतं की सगळ्या ट्रिपमध्ये एकच दिवस गाइडवर खर्च करायचाय, तर बीजिंगला करू का शीआनला? चीनच्या भिंतीसाठी नको. भिंतीच्या बादालिंग भागाला तर २०१९ पासून बुलेट ट्रेन जाते, अर्ध्या तासाच्या आसपास, आणि मुथिआनयू या दुसऱ्या भागाला रोपवे आहे, भिंत स्वतःच सगळं सांगते. बीजिंगच्या राजवाड्यात गाइडचा उपयोग नक्की होतो, १४२० मध्ये पूर्ण झालेला, २४ सम्राटांचा वाडा, पण तिथे दोन तासांचा गाइड पुरतो, गाडी अजिबात लागत नाही. म्हणून एकच दिवस असेल तर शीआन.

बुक करताना सरळ लिहून विचारा: भाव सगळ्यांचा मिळून का माणशी, गाइड वेगळा येणार ना, त्याचं लायसन्स आहे ना, प्रवेश तिकिटं धरून आहे का, जेवण कुठे, दुकानात थांबणार का. उत्तर लेखी घ्या. जमलं तर गाइडशी आधी मेसेजवर बोलून बघा, इंग्रजी कसं आहे ते तर कळतंच, पण तुम्ही काय विचारलं की तो खुलतो तेही कळतं. लष्करात रस आहे, कारागिरीत आहे का राजकारणात, ते सांगून ठेवा, चांगला गाइड त्याप्रमाणे दिवस बदलतो. जुन्या पिढीतला कोणी भेटला तर सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव काढून बघा, ते १९३९ मध्ये याच शान्शी प्रांतातल्या यानआनला रुग्णसेवेसाठी आले होते आणि चीनमध्ये त्यांची आठवण अजून आदराने ठेवलेली आहे. टिप सक्तीची नाही, दिवस आवडला तर द्या.

फोनचं तेवढं आधी बघून ठेवा, गूगल मॅप आणि व्हॉट्सॅप तिथल्या साध्या नेटवर चालत नाहीत, गाइडशी बोलायला वीचॅट हे तिथलं मेसेजचं अ‍ॅप लागेल, पैशांसाठी अलीपे या तिथल्या पेमेंट अ‍ॅपला इंटरनॅशनल कार्ड जोडून घ्या, दोन्ही इथूनच सुरू करून जा. आणि तारखा. १ ते ७ ऑक्टोबर चीनची राष्ट्रीय सुट्टी, तेव्हा कितीही भारी गाइड असला तरी पिटच्या कठड्याशी जागा मिळणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत जाणारे पहिला आठवडा सोडून जा, कामगार दिनाची गर्दी असते, आणि जून-जुलैचा उन्हाळा शीआनमध्ये चाळिशीपर्यंत जातो. दिवाळीच्या आसपासची हवा सगळ्यात छान, त्यासाठी चांगला गाइड हवा असेल तर गणपतीतच बोलून ठेवा आणि सगळ्यांचे पासपोर्ट नंबर एकदा नीट तपासून पाठवा, तिकिटावरचा नंबर आणि हातातला पासपोर्ट जुळला पाहिजे.